पासंग

माझ्या वहीत एकाच आठवड्यात, एकाच कँटिलिव्हरचे दोन आकडे लिहिलेले आहेत. सोमवारी ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. गुरुवारी ०.०५०. अक्षर माझं आहे. गुरुवारच्या आकड्यापुढे मी ‘ठीक’ असं लिहून खाली रेघ ओढली आहे.

सिलिकॉन नायट्राइडचं पातं तीन दिवसांत जवळजवळ एक तृतीयांशाने दुबळं होत नाही. ते मोडेल, त्याच्यावर घाण बसेल, पण त्याची ताकद अशी ओसरत नाही. हे मला त्या गुरुवारी माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर कारणांसहित लिहिलं असतं. तरी मी ‘ठीक’ लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. ती चूक आता निस्तरून झाली आहे, ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे. पण तो एक शब्द मी का लिहिला, याचा जाब मला कुणी विचारलेला नाही. तो मीच मला विचारते आहे.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपवर काम करते. नाव मायक्रोस्कोप असलं तरी हे यंत्र बघत नाही, चाचपून पाहतं. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं लांब आणि केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असं एक पातं, तो कँटिलिव्हर. त्याच्या टोकाला दहा मायक्रॉन व्यासाचा काचेचा मणी चिकटवलेला. हा मणी जिवंत पेशीवर हलकेच टेकवायचा, जरा दाबायचा आणि पातं किती वाकलं ते पाहायचं. पात्याच्या पाठीवर लेसरचा ठिपका असतो. पातं वाकलं की परावर्तित किरण सरकतो, आणि तो किती सरकला हे फोटोडायोड व्होल्टमध्ये सांगतो. गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये हे यंत्र जगापुढे मांडलं, तेव्हा त्यांचं पातं म्हणजे सोन्याच्या पातळ पत्र्याची पट्टी होती आणि टोकाला हिऱ्याचा कण. आज अशी पाती डबीत भरून विकत मिळतात. डबीवर पात्याच्या ताठरपणाचा स्थिरांक छापलेला असतो आणि त्याच्याच शेजारी, प्रत्यक्ष आकडा याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत कुठेही असू शकतो, हेही छापलेलं असतं. त्यात लपवाछपवी नाही. पात्याचा ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी थोडी इकडेतिकडे झाली की आकडा कुठच्या कुठे जातो. म्हणून ज्याने त्याने आपलं पातं आपणच मोजून घ्यायचं असतं.

या मोजणीच्या, म्हणजे कॅलिब्रेशनच्या, दोन पायऱ्या असतात, आणि माझा सगळा गुन्हा या दोन पायऱ्यांवर घडलेला असल्यामुळे त्या सांगायलाच हव्यात.

पहिली पायरी: मणी स्वच्छ काचेवर दाबायचा. काच दबत नाही, म्हणून यंत्राने मणी जितका खाली नेला तितकंच पातं वाकलं, असं धरता येतं. एका व्होल्टला किती नॅनोमीटर, हा आकडा यातून मिळतो. आम्ही त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतो. दुसरी पायरी: मणी काचेपासून दूर उचलायचा आणि पात्याला मोकळं सोडायचं. मोकळं पातं स्थिर राहत नाही, भोवतालच्या उष्णतेने थरथरत राहतं. १८२७ मध्ये स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना परागातले कण पाण्यात नाचताना दिसले, तीच ही थरथर. पातं जितकं लवचिक तितकी थरथर मोठी. तापमान ठाऊक असेल आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक ठाऊक असेल, तर थरथरीवरून पात्याचा स्थिरांक काढता येतो. हटर आणि बेखहोफर यांनी १९९३ मध्ये दाखवलेली ही रीत आजही जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत वापरतात.

बोल्ट्झमनचा स्थिरांक २०१९ पासून व्याख्येनेच कायमचा ठरलेला आहे. तो ठरवताना जगभरच्या ज्या मोजण्या विचारात घेतल्या, त्यांपैकी एक लंडनमधल्या टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत झाली होती. तांब्याच्या पोकळ गोलात ध्वनीचा वेग मोजून, दहा लाखांत एका भागाहूनही कमी अनिश्चिततेने. माझ्या सूत्रातली ती एक संख्या इतकी पक्की आहे. तिच्या शेजारी मी जी संख्या ठेवली ती तीस टक्क्यांनी चुकलेली होती, आणि कारण होतं काचेवरचा एक ओशट थर.

थरथर आपल्याला नॅनोमीटरमध्ये दिसत नाही, तीही व्होल्टमध्येच दिसते. म्हणजे दुसऱ्या पायरीला पहिल्या पायरीचाच आकडा लागतो, आणि तोही वर्ग करून. सेन्सिटिव्हिटी ५० नॅनोमीटर प्रति व्होल्ट असताना ६० धरली, तर ०.०७२ चा ०.०५० होतो. मग बळ काढताना दोन्ही आकड्यांचा गुणाकार होतो आणि चूक थोडी झाकली जाते: व्होल्टला ३.६ नॅनोन्यूटन मिळायला हवे होते, तिथे ३.० मिळतात. पेशीसारख्या मऊ वस्तूच्या बाबतीत सगळं उत्तर साधारण त्याच प्रमाणात घसरतं. प्रत्येक पेशी आहे त्याहून सहाव्या हिश्शाने मऊ ठरते. डबीवर ०.०६ छापलेलं होतं. दोन्ही आकडे त्या छापील मर्यादेत आरामात बसत होते. दोन्ही दिवशी यंत्राने कुरकुर केली नाही.

मी त्या वेळी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा मऊ असतात, हे आता बऱ्याच ठिकाणी दिसलं आहे. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने रुग्णांच्या छातीतल्या पाण्यातून काढलेल्या पेशी मोजल्या, तेव्हा त्या सत्तर टक्क्यांहून अधिक मऊ निघाल्या होत्या. माझा प्रश्न लहान होता. एका रसायनाच्या अल्प मात्रेने पेशीचा सांगाडा सैल पडतो का? रसायन घालण्याआधी, सोमवारी, पेशी मोजायच्या. मग रसायन घालायचं आणि बहात्तर तासांनी, गुरुवारी, पुन्हा मोजायच्या.

रसायन घातलेली आणि न घातलेली अशा दोन ताटल्या एकाच दिवशी, एकाच कॅलिब्रेशनवर मोजायला हव्या होत्या, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. मी मोजल्या नाहीत. यंत्र अर्ध्या दिवसाच्या पाळीनेच मिळायचं, सलग पूर्ण दिवस हवा असेल तर महिनाभर थांबावं लागायचं, आणि मला थांबायचं नव्हतं. कारण एवढंच.

सोमवारी ताटली नवी असायची, पेशी नुकत्या बसलेल्या असायच्या, कडेला भरपूर मोकळी काच. मी त्या काचेवर कॅलिब्रेशन करायची. गुरुवारी तीच ताटली चार दिवसांची झालेली असायची. पेशी पसरलेल्या, त्यांनी मागे सोडलेला चिकटा सगळीकडे, सीरमची प्रथिनं काचेवर बसलेली. मोकळी दिसणारी जागा शोधून मी तिथेच मणी टेकवायची. काच वाटायची, पण मणी काचेला लागण्याआधी त्या मऊ थरात रुतायचा, त्यामुळे पातं जितकं वाकायला हवं तितकं वाकायचं नाही. मऊ थर असला की आलेखात तो दिसतो. काचेवरची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ हवी. माझी रेघ पायथ्याशी वाकलेली होती. मी सॉफ्टवेअरची चौकट उचलून रेघेच्या त्यातल्या त्यात सरळ भागावर ठेवली. हे करताना माझा हात अडखळला नाही, पण नजर अडखळली होती. मला आठवतं, मी ती रेघ मोठी करून पाहिली आणि पुन्हा लहान केली.

खरी गोष्ट यापुढे आहे. कॅलिब्रेशन तपासायला आम्ही ठरलेल्या प्रमाणात बनवलेलं पॉलिॲक्रिलमाइडचं जेल वापरायचो. छापील तक्त्याप्रमाणे त्याचा यंगचा गुणांक, म्हणजे ताठरपणाचा आकडा, साधारण १.० किलोपास्कल यायला हवा. सोमवारी माझं जेल १.२ दाखवायचं. गुरुवारी बरोबर १.०.

म्हणून मी सोमवारवर संशय घेतला.

पूर्ण दोन दिवस मी सोमवारच्या कॅलिब्रेशनचे दोष शोधले. लेसर तापून स्थिर व्हायला एक तास दिला. ठिपका पात्याच्या टोकाशी पुन्हा जुळवला. यंत्राखालचं कंपनरोधक टेबल तपासलं, रस्त्यावरच्या बसचा हादरा जाणवू नये म्हणून रात्री अकरा वाजता मोजून पाहिलं. मण्याचा व्यास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजून घेतला. हीटिंग बंद करून कोट घालून बसले. दरवेळी १.२. शेवटी मी ठरवलं की जेल नवं असताना ताठ असतं आणि चार दिवस पाण्यात फुगलं की मऊ होतं. हे कारण खोटं नव्हतं. जेल फुगतं, आणि फुगलं की मऊ पडतं. ते माझ्या गरजेला बसणारं होतं, म्हणून ते तपासावं असं मला वाटलं नाही. एक ताजं जेल आणि एक मुरलेलं जेल शेजारीशेजारी ठेवून मोजलं असतं, तर तासाभरात उलगडा झाला असता.

गुरुवारच्या कॅलिब्रेशनसाठी मी दोन मिनिटंही दिली नाहीत. गुरुवारचं उत्तर पुस्तकाशी जुळत होतं, आणि गुरुवारीच माझ्या पेशी सतरा टक्क्यांनी मऊ निघत होत्या. मी चूक शोधत होते हे खरं. पण जिथे उत्तर मला आवडलं नव्हतं तिथेच शोधत होते.

रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये कॅल्टेकच्या पदवीदान समारंभात मिलिकनच्या तेलाच्या थेंबांची गोष्ट सांगितली होती. मिलिकनने हवेच्या चिकटपणाचा आकडा जरा चुकीचा धरला, म्हणून इलेक्ट्रॉनचा भार किंचित कमी आला. नंतर ज्यांनी ज्यांनी तो मोजला त्यांचे आकडे एकदम बरोबर जागी गेले नाहीत, थोडे थोडे वर सरकत गेले. कारण ज्याला मिलिकनपेक्षा फार मोठा आकडा मिळे तो आपल्या प्रयोगात खोट शोधत बसे, आणि ज्याला जवळचा मिळे तो फारसं शोधत नसे. ही गोष्ट मी दर ऑक्टोबरला नव्या विद्यार्थ्यांना सांगते. ज्या वर्षी मी वहीत ‘ठीक’ लिहिलं त्या वर्षीही सांगितली होती. सांगताना मला ती दुसऱ्यांची गोष्ट वाटत होती.

बार्शीला आमचं भुसार मालाचं दुकान होतं. दादा, म्हणजे माझे वडील, सकाळी दुकान उघडलं की आधी तराजू अडकवायचे. लांब दांडी, पितळी पारडी, षटकोनी लोखंडी वजनं आणि प्रत्येक वजनाच्या तळाशी शिशात उमटवलेला वजनमापे निरीक्षकाचा ठसा. रिकामी पारडी झुलून थांबली की एक बाजू जरा वर राहायची, तिच्या साखळीला ते पासंग बांधायचे. कधी लोखंडी चकती, कधी तारेचा तुकडा. पासंग पाहिल्याशिवाय पहिल्या गिऱ्हाइकाचा माल तोलायचा नाही, हा नियम. काटा मारणारे दुकानदार पेठेत होते, ते सगळ्यांना माहीत होते, आणि ‘मापात पाप’ हे शब्द मी शाळेत जाण्याआधी ऐकलेले आहेत.

पण पासंगाने सगळं सुटत नाही, हेही दादांनीच दाखवलं होतं. दांडीचा एक हात दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असेल, तर पासंग बांधून रिकामी पारडी अगदी समतोल दिसतात आणि तरी तोल खोटा पडतो. त्यावर उपाय एकच: माल आणि वजन यांची अदलाबदल करायची. या पारड्यातला गहू त्या पारड्यात, त्यातलं वजन यात. खोट असेल तर लगेच बाहेर पडते. एखाद्या गिऱ्हाइकाने शंकेने पाहिलं तर दादा न बोलता पारडी बदलून दाखवायचे. गिऱ्हाईक मागत नसलं तरी आठवड्यातून एकदा स्वतःसाठी करायचे.

गुरुवारचं जेल म्हणजे माझी समतोल दिसणारी रिकामी पारडी होती. पारडी बदलायला मी गेलेच नाही.

त्या निकालाचं मी पोस्टर केलं, एका परिषदेत मांडलं, लेखाचा मसुदा एका नियतकालिकाकडे पाठवला. आमच्या शहरातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात ‘ही कॅन्सरवर संशोधन करते’ अशी माझी ओळख झाली. आरतीनंतर एक काकू बाजूला येऊन बसल्या. काकांवर उपचार चालू होते. ‘काही निघतंय का गं?’ असं त्यांनी विचारलं. ताटलीतल्या पेशी आणि माणूस यांच्यात किती अंतर आहे हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं की औषधाने पेशींच्या वागण्यात फरक पडताना दिसतोय. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

आमच्या गटात दुसऱ्या वर्षाची एक संशोधक विद्यार्थिनी होती. माझा प्रयोग पुन्हा करून त्यापुढे जायचं, असं तिचं काम ठरलं. ती रोज स्वच्छ काचेच्या वेगळ्या ताटलीत कॅलिब्रेशन करायची आणि मग पेशींच्या ताटलीकडे वळायची. तिला फरक मिळाला नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला म्हटलं, तुझं कॅलिब्रेशन तपास.

तिने अडीच महिने तपासलं. तिचं बरोबर असलेलं कॅलिब्रेशन तिने माझ्या सांगण्यावरून अडीच महिने तपासलं. लेसर, टेबल, मणी, तापमान. मी सोमवारी जे जे केलं होतं ते सगळं तिने केलं, कारण यादी मीच तिला दिली होती. दर आठवड्याच्या बैठकीत ती उभी राहून अजून फरक येत नाही असं सांगायची आणि मी धीर द्यायची. मला वाटायचं, मी समजूतदारपणे वागते आहे. पुढे सगळं उघड झाल्यावर ती एवढंच म्हणाली की तिला वाटत होतं, दोष तिच्या हातांत आहे. हे काम आपल्याला जमणारं नाही. ती शिक्षण सोडण्याचा विचार करत होती. हे वाक्य मी इथे लिहिते आहे, कारण या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी हानी ही आहे. चुकीचा आकडा खोडता येतो.

शेवटी तिनेच एक पातं दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे व्हायब्रोमीटर होता. हे उपकरण पात्याच्या थरथरीचा वेग थेट लेसरने मोजतं; त्याला काचेवर दाबून काढलेली सेन्सिटिव्हिटी लागतच नाही. हीच वाट दाखवणारा एक निबंध युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून २०१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या यंत्रांवर एकच जेल मोजून त्यांनी दाखवलं होतं की चुकीचं मुख्य मूळ सेन्सिटिव्हिटीत आणि तिच्यामागून येणाऱ्या स्थिरांकात असतं. पात्याचा स्थिरांक बाहेरून पक्का करून घ्या आणि त्यावरून सेन्सिटिव्हिटी उलट काढा, म्हणजे जेलच्या मोजमापांतली तफावत एका टक्क्यापर्यंत खाली येते. तो निबंध माझ्या संगणकावर होता. मी तो वाचला होता, त्यातली एक आकृती माझ्या व्याख्यानातही वापरली होती.

तिने पाठवलेलं पातं नेमकं माझं जुनं पातं होतं. आकडा आला ०.०७१.

मी घरी आले, वही काढली आणि ती दोन पानं पाहिली. शोधावं लागलं नाही. कुठे पाहायचं हे मला ठाऊक होतं, आणि त्यावरूनच कळलं की ते आतून कधी विसरलं गेलंच नव्हतं.

मी लगेच सांगितलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी एकोणीस दिवसांनी सांगितलं. त्या एकोणीस दिवसांत मी स्वतःला म्हणत होते की आधी पूर्ण खात्री करून घेऊ, उगाच घबराट नको. प्रत्यक्षात मी दुसरी चूक शोधत होते. उलट दिशेची, तेवढ्याच आकाराची, जी पहिलीला खोडून काढेल आणि माझे सतरा टक्के परत देईल. मण्याचा व्यास, पेशींची उंची, स्पर्शाचा नेमका बिंदू, सगळं मी उलटून पाहिलं. ज्या चिकाटीने मी ते एकोणीस दिवस शोधत होते, तिचा दहावा हिस्साही मी त्या गुरुवारी वापरला नव्हता.

पातं किती वाकलं त्यावरून बळ काढणं हा हूकचा नियम. वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावात जन्मलेल्या रॉबर्ट हूकने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांची सरमिसळ करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उलगडला. शोध आपल्या नावावर राहावा, पण इतक्यात कुणाच्या हाती लागू नये, म्हणून. इथल्या विज्ञानाच्या इतिहासातला हा भाग मी पूर्वी गमतीने सांगायची. आता तसा सांगता येत नाही. त्याने खरी गोष्ट दोन वर्षं झाकली, मी खोटी गोष्ट एकोणीस दिवस झाकली, आणि दोघांच्या मनात आपलं नावच होतं.

विसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी गटप्रमुखांना वही दाखवली. त्यांनी दोन्ही पानं वाचली, ‘ठीक’ म्हणजे काय असं विचारलं, मी अर्थ सांगितला. आम्ही त्याच दिवशी मसुदा मागे घेतला. पोस्टर पाहून ज्यांनी ईमेल दिले होते त्यांना पत्रं लिहिली. विद्यार्थिनीला मी गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर सांगितलं, कारण तिला अपयश सगळ्यांसमोर सांगावं लागलं होतं.

काकूंना फोन केला. काका तोवर गेले होते. मी म्हटलं, ‘काकू, मी त्या दिवशी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं, माझ्या मोजण्यात चूक होती.’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अगं, मला त्यातलं काही कळलं नव्हतं. पण तू बोललीस तेव्हा बरं वाटलं होतं.’ यावर काय बोलावं हे मला अजूनही सुचलेलं नाही.

दादांनाही सांगितलं. दुकान आता बंद आहे, तराजू माळ्यावर. त्यांना पेशी आणि पाती समजावून सांगायला वेळ लागला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘पारडी बदलून पाहिली नव्हतीस का?’

‘नाही, दादा.’

‘का?’

मी म्हटलं, ‘रिकामी पारडी सारखी दिसत होती.’ ते म्हणाले, ‘तुला हवी तशी दिसत होती, म्हण.’ ते रागावले नव्हते. लहानपणी माझी बेरीज सुधारून द्यायचे, तसं त्यांनी माझं वाक्य सुधारलं होतं.

अज्ञानाला क्षमा असते, आणि माझी चूक अज्ञानातून झाली असती तर मी हे लिहिलं नसतं. अवघड यंत्र आहे, पुष्कळांच्या हातून चुकतं. २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून स्तनाच्या कर्करोगाच्या एकाच जातीच्या पेशी निरनिराळ्या पद्धतींनी मोजल्या, तेव्हा ताठरपणाच्या आकड्यांत हजारपटीपर्यंत फरक पडला. त्या मोठ्या गोंधळात माझे सतरा टक्के पासंगालाही पुरणार नाहीत. काही दिवस मी या विचाराचा आधार घेतला होता. पण ते लोक आपापल्या पद्धतीतला फरक उघड मांडत होते. माझ्यासमोर दोन आकडे होते, त्यांतला एक खोटा असलाच पाहिजे हे मला माहीत होतं, आणि कोणता खोटा हे मी माझ्या सोयीने ठरवलं. मी एकही आकडा बनवला नाही, एकही खोडला नाही. वही तपासणाऱ्या कुणालाही त्यात गैर सापडलं नसतं. तरी मी काटा मारला होता.

मोजणी पुन्हा करायचं ठरलं तेव्हा मी विद्यार्थिनीला विचारलं की माझ्याबरोबर करशील का. तिने अटी घातल्या आणि त्या रास्त होत्या. पात्याचा स्थिरांक व्हायब्रोमीटरने एकदाच पक्का करायचा. सेन्सिटिव्हिटी दर वेळी नव्या, धुतलेल्या काचेवर घ्यायची, पाच वेळा, आणि पाचही आकडे लिहायचे. रसायन घातलेल्या आणि न घातलेल्या ताटल्या एकाच वयाच्या, एकाच दिवशी. ताटल्यांवर ती खुणेची अक्षरं लिहील, कोणती कशाची हे तिच्याकडच्या बंद पाकिटात राहील आणि मोजणारी ती अक्षरंच वाचेल. मोजणारी मी होते.

नऊ आठवडे मोजलं. मोजताना कितीदा तरी एखादी ताटली जरा मऊ लागायची आणि ही रसायनाचीच असणार, असं मन आतून सांगायचं. पाकीट बंद होतं, म्हणून मनाला तिथे काही करता आलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सगळे आकडे भरून झाले, विश्लेषण संपलं, तेव्हा तिने पाकीट फोडून यादी माझ्यासमोर ठेवली.

मऊ वाटलेल्या ताटल्यांपैकी जवळपास निम्म्या साध्या पेशींच्या होत्या. दोन्ही गटांत फरक नव्हता.